डुबकी मालवणात, खरेदी नाशकात : पाण्याखालच्या फोटोग्राफीचं सामान कसं निवडावं

नाशकात फोटोग्राफीचा नाद असलेल्या माणसाकडे एक लांबलचक टेलिलेन्स असतेच. थंडी पडली की पहाटे गाडी काढायची, नांदूर मधमेश्वर गाठायचं आणि मनोऱ्यावरून पलीकडच्या काठावरचे पक्षी टिपायचे, ही आपली शाळा. त्यामुळे पाण्याखालच्या फोटोंचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला : आहे त्याच बॉडीला (कॅमेऱ्याला) हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारं कवच, चढवून भागेल का? कदाचित भागेल, पण टेलिलेन्स घरी ठेवून. दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला पाण्यात काहीच काम नाही. तिथे आपणच जवळ जायचं असतं. दुकानात, ऑनलाइन किंवा मित्राकडून सेकंडहँड काहीही घेताना एकच विचारायचं : माझ्या आणि माशाच्या मधलं पाणी कमी करायला या वस्तूचा उपयोग होतो का? होत नसेल तर ती वस्तू कितीही भारी असली तरी नंतर.

पाणी फोटोचं काय करतं

हे आधी समजून घ्या, कारण सगळी खरेदी यावर ठरते.

पाणी प्रकाशातले रंग एकेक करून गिळतं. सगळ्यात आधी लाल जातो. पाचेक मीटर खोलीवरच तो पार फिका पडलेला असतो. मग नारिंगी, त्यानंतर पिवळा. वीस मीटरच्या आसपास उरतो तो निळा-हिरवा. पाण्यात असताना हे फारसं जाणवत नाही, कारण मेंदू सांभाळून घेतो. कॅमेरा सांभाळून घेत नाही. म्हणून वर आल्यावर स्क्रीनवर सगळं निळंशार दिसतं आणि माणूस कॅमेऱ्याला दोष देतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नुसती खोली मोजून चालत नाही, प्रकाशाने पाण्यातून केलेला सगळा प्रवास मोजावा लागतो. तुम्ही १० मीटर खोल आहात आणि प्रवाळ तुमच्यापासून ३ मीटरवर आहे, तर सूर्याचा उजेड किमान १३ मीटर पाणी कापून लेन्सपर्यंत येतो. फ्लॅश मारलात तर तो ३ मीटर जाणार आणि ३ मीटर परत येणार, म्हणजे ६ मीटर झाले. लाल रंग वाटेतच गेला. तेच अंतर अर्ध्या मीटरवर आणलंत की फ्लॅशचा येण्याजाण्याचा प्रवास होतो जेमतेम १ मीटर, आणि प्रवाळावरचा खरा लाल-केशरी रंग फोटोत उतरतो.

दुसरी गोष्ट वक्रीभवनाची. मास्कच्या सपाट काचेतून वस्तू पाव हिश्शाने जवळ दिसते. २ मीटरवरचा मासा दीड मीटरवर असल्यासारखा वाटतो, आणि आपण पुरेसे जवळ आलो असं समजून बटण दाबतो. सपाट काचेमागची लेन्सही अशीच आखडते : २४ मिमीची लेन्स पाण्यात साधारण ३२ मिमीसारखी वागते.

तिसरी गोष्ट गाळाची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्यात वाळू, प्लवक, कसले कसले कण तरंगत असतात. अंदमानच्या स्वच्छ पाण्यातले फोटो बघून सामान घेतलं आणि उतरलो मालवणात, तर निराशा ठरलेली. होडीवाला सकाळी पाण्याकडे बघून "आज पाणी गढूळ आसा, फोटू बरे गावचे नाय" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. त्या दिवशी रुंद दृश्यांचा नाद सोडायचा आणि खडकाच्या कपारीतले बारके जीव शोधायचे. तळहाताएवढ्या अंतरावर गढूळ पाणीसुद्धा आरपार दिसतं.

खरेदीआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

तुम्हाला डायव्हिंग येतं का? मालवण-तारकर्लीला पर्यटकांसाठी जी अर्ध्या तासाची डुबकी असते, तिच्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, तुमच्या हातात कॅमेरा देत नाही आणि देऊही नये. व्हिडिओ तेच काढून देतात. तेवढंच करायचं असेल तर हा लेख इथेच थांबवा, पैसे वाचले. स्वतः कॅमेरा चालवायचा तर किमान ओपन वॉटर कोर्स हवा. त्याने १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढच्या ॲडव्हान्स्ड कोर्सने ३० मीटरपर्यंत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे, त्यामुळे कोर्ससाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जायची गरज नाही.

कोर्स झाला म्हणजे लगेच कॅमेरा हातात घ्यायचा असंही नाही. पाण्यात हात न हलवता, वर-खाली न होता एका जागी तरंगता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर फोटो हलतो, तळातला गाळ उडतो आणि आधाराला म्हणून हात जातो तो प्रवाळावर. प्रवाळ हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित जीव आहे. शिवाय मालवणचा सागरी पट्टा १९८७ पासून अभयारण्य आहे. कायदा राहू द्या बाजूला, पण बोटभर वाढायला ज्याला वर्षं लागतात ते एका फोटोपायी मोडणं कुणालाच परवडणारं नाही.

मग प्रश्न वर्षाचा. नाशिककराला समुद्र रोज मिळत नाही. रजा, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, मालवणचा ऑक्टोबर ते मे हा हंगाम, हे सगळं जुळवून वर्षात एखादा आठवडा हाती लागतो. ज्याला आठवड्याला दोन डुबक्या मिळतात त्याने घेतलेलं सामान आणि आपलं सामान एक असू शकत नाही. आपल्याला असं सामान हवं, जे दहा महिने कपाटात पडून राहिलं तरी अकराव्या महिन्यात पहिल्याच डुबकीत हाताला सरावाचं वाटेल. बटणं कमी, सांधे कमी, डोक्याला ताप कमी.

पैशांचं गणित मी असं मांडतो : एकूण रकमेतली निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यावर गेली तर यादी चुकली. हाउसिंग आणि उजेड हे दोन मोठे खर्च, कॅमेरा त्यांच्यानंतर.

कॅमेऱ्याच्या वाटा

मोबाइलचं आधी उरकतो. गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी ही होडीत शिंतोड्यांपासून बचावासाठी आहे, डुबकीसाठी नाही. मोबाइलवर आयपी६८ लिहिलेलं असतं, ती चाचणी गोड्या आणि संथ पाण्यातली असते. खारं पाणी आणि पोहतानाचा दाब त्यात धरलेला नसतो. पाण्यात टचस्क्रीन नीट चालतही नाही. डायव्हिंगसाठीची पक्की मोबाइल हाउसिंग मिळतात, सीलाइफ आणि डाइव्हव्होल्क ही त्यातली माहितीची नावं, आणि त्यांनी फोटो बरे येतात. पण ज्या मोबाइलवर बँकेचे ओटीपी आणि परतीची तिकिटं आहेत तो घेऊन वीस मीटर खाली जायला माझं मन काही धजत नाही. जुना मोबाइल असेल तर खुशाल.

ॲक्शन कॅमेरा ही स्नॉर्केलिंगवाल्यांसाठी (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगणाऱ्यांसाठी) आणि व्हिडिओवाल्यांसाठी उत्तम वाट. गोप्रोचे अलीकडचे हिरो ब्लॅक कॅमेरे हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत आणि ॲक्शन ५ प्रो २० मीटरपर्यंत. आकडे वाचून हुरळून जाऊ नका. तो भरवसा बॅटरीच्या छोट्या दाराच्या सीलवर आहे, आणि त्या दारात वाळूचा एक कण बसला की आकडा शून्य. स्कूबाला जाताना वरून हाउसिंग घालाच. गोप्रोचं स्वतःचं ६० मीटरपर्यंत चालतं. या कॅमेऱ्यांची खरी मर्यादा वेगळी आहे. त्यांची लेन्स रुंद, त्यामुळे मासा हातभर अंतरावर येईस्तोवर फोटोत चिंचोक्याएवढाच दिसतो. आणि फूटभराच्या आत आला की फोकस ढिला पडतो. फ्लॅश जोडायची सोय नाही. बारक्या जीवांसाठी हा कॅमेरा नव्हे. कासव, माशांचा थवा, बुडालेलं जहाज, सोबतचा डायव्हर, यांच्यासाठी मात्र झकास.

लाल फिल्टर घ्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. उथळ, उजेडाच्या पाण्यात, साधारण ५ ते १५ मीटरच्या दरम्यान, सूर्य पाठीमागे ठेवून शूट करणार असाल तर घ्या. फिल्टर गेलेला रंग परत आणत नाही. तो निळा-हिरवा दाबतो म्हणजे उरलासुरला लाल डोळ्यात भरतो. दिवा किंवा फ्लॅश लावलात की फिल्टर काढा, नाहीतर सगळं शेंदरी होईल.

आता माझ्या आवडीची वाट : वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट. ऑलिंपसचा टीजी-६ आणि २०२३ मध्ये आलेला ओएम सिस्टीमचा टीजी-७. सेन्सर छोटा, १२ मेगापिक्सेल, कागदावर वाचलं तर आजच्या मोबाइलपुढे किरकोळ. पण त्यात एक मायक्रोस्कोप मोड आहे, त्यात लेन्सपासून १ सेंटीमीटरवरच्या वस्तूवर फोकस होतो. तांदळाच्या दाण्याएवढी समुद्री गोगलगाय चौकटभर घेता येते. मधलं पाणी कमी करण्याच्या कसोटीवर एवढा खरा उतरणारा स्वस्तातला कॅमेरा दुसरा नाही. नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंत चालतो. पीटी-०५९ हे कंपनीचं हाउसिंग घातलं की ४५ मीटर, आणि दोन्ही कॅमेऱ्यांना तेच बसतं. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हाउसिंगमध्ये पाणी शिरलंच तरी आतला कॅमेरा स्वतःच वॉटरप्रूफ असल्याने बहुधा वाचतो. वर्षातून एकदाच समुद्र बघणाऱ्याला ही निश्चिंती फार मोलाची आहे. रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळते, ती नक्की चालू ठेवा. पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) नंतर घरी बसून सुधारता येतो, तो जेपेगमध्ये नीट जमत नाही.

सांधा नको, रबर नको, भीती नको अशांसाठी सीलाइफचा मायक्रो ३.० आहे. तो कायमचा बंद असतो, उघडतच नाही. मेमरी आतच, ६० मीटरपर्यंत चालतो. जवळच्या फोकसमध्ये मात्र टीजीच्या जवळपास येत नाही.

उरले लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे : मिररलेस किंवा डीएसएलआर. फोटोचा दर्जा अर्थातच सगळ्यात वर. पण इथे हिशोब उलटा चालतो. हाउसिंग एकाच मॉडेलला बसतं. उद्या बॉडी बदलली की हाउसिंगही बदललं. म्हणून आधी बॉडी घेऊन मग हाउसिंग शोधायचं नाही. तुमच्याकडच्या बॉडीला नॉटिकॅम, इकेलाइट, सी अँड सी, इसोटा, ॲक्वाटिका यांपैकी कुणी हाउसिंग बनवतं का ते आधी बघा. कुणीच बनवत नसेल तर तो विषय संपला. इकेलाइटची हाउसिंग प्लॅस्टिकची, पारदर्शक पाठीची, तुलनेने स्वस्त आणि साधारण ६० मीटरपर्यंतची. नॉटिकॅमसारखी ॲल्युमिनियमची हाउसिंग जास्त खोल जातात, हातात घट्ट बसतात आणि किंमत अनेकदा आतल्या बॉडीहून जास्त असते. वर पोर्ट (पुढची काच) वेगळा, गिअर (लेन्सची कडी बाहेरून फिरवणारं चाक) वेगळा, स्ट्रोब (बाहेरचे फ्लॅश) वेगळे. हौसेला मोल नाही हे खरं, पण वर्षातल्या एका आठवड्यासाठी हा पसारा करण्याआधी दोनदा विचार करा. वर्षात तीन-चार वेळा लक्षद्वीप, अंदमान, कर्नाटकातलं नेत्राणी बेट होत असेल, तर मात्र हाच मार्ग.

माझा कल स्पष्ट सांगतो. नाशकातून जाणाऱ्या बहुतेकांनी टीजी-७, त्याचं हाउसिंग आणि एक चांगला स्ट्रोब एवढ्यावर दोन-तीन हंगाम काढावेत. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर मिररलेसकडे जावं.

पोर्ट आणि लेन्स

हा भाग हाउसिंगवाल्यांसाठी. टीजीवाल्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला तरी चालेल.

हाउसिंगच्या पुढची काच म्हणजे पोर्ट. मॅक्रोसाठी, म्हणजे बारक्या जीवांच्या अगदी जवळून घेतलेल्या फोटोंसाठी, सपाट पोर्ट : वक्रीभवनाने मिळणारं मोठेपण इथे फुकटचा फायदा ठरतं. ६० मिमीची मॅक्रो लेन्स नवशिक्याला सोपी, १०० किंवा १०५ मिमीची लाजाळू जीवांसाठी बरी, पण गढूळ पाण्यात तिच्यापुढे जास्त पाणी राहतं हे विसरू नका. कोकणात मी ६० कडेच झुकेन.

रुंद दृश्यांसाठी गोल घुमटाचा डोम पोर्ट. तो लेन्सचा मूळ कोन परत देतो, पण एक गंमत करतो. डोममागची लेन्स खऱ्या वस्तूवर फोकस करत नाही. डोमच्या पुढे तयार झालेल्या आभासी प्रतिमेवर करते. अगदी दूरच्या वस्तूची ही प्रतिमासुद्धा डोमच्या पृष्ठभागापासून त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावरच असते. म्हणजे ८ इंची डोमला जेमतेम ३० सेंटीमीटर, ४ इंचीला १५. तुमची वाइड लेन्स इतक्या जवळ फोकस होत नसेल तर महागड्या डोममागे सगळं धूसर येणार. लेन्सवर किमान फोकस अंतर लिहिलेलं असतं. ते आधी वाचा. फिशआय (अतिरुंद) लेन्स अगदी जवळ फोकस होतात, म्हणून पाण्याखाली त्या इतक्या लाडक्या. कोपरे नरम पडतात, त्यावर उपाय म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून एफ८ ते एफ११ ठेवणं.

वेट लेन्स नावाचा प्रकार कॉम्पॅक्टवाल्यांसाठी वरदान आहे. हाउसिंगच्या बाहेरून, पाण्यातच लावता-काढता येणारी लेन्स. टीजीचा सगळ्यात रुंद कोन २५ मिमीएवढा, तो पाण्यात ३३ मिमीसारखा होतो. त्याला रुंद वेट लेन्स लावली की मित्राचा पूर्ण फोटो अर्ध्या अंतरावरून निघतो. आणि लेन्स पाण्यात लावल्यावर दोहोंच्या मधले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाका, नाहीतर प्रत्येक फोटोत अर्धचंद्र.

उजेड : इथे हात आखडू नका

कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश विसरून जा. तो लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे लेन्सपुढच्या प्रत्येक कणावर समोरून उजेड पडतो आणि फोटोत पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. मालवणच्या पाण्यात तर तो हमखास.

त्यावरचा इलाज म्हणजे लांब दांडीवर बसवलेला बाहेरचा फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब. इनॉन, सी अँड सी आणि त्याच नावाची बॅकस्कॅटर या कंपन्यांचे स्ट्रोब सर्रास वापरले जातात. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चमकतो, तो उजेड फायबर ऑप्टिक केबलमधून स्ट्रोबला पोचतो आणि स्ट्रोब उडतो; मध्ये विजेची तार नाही म्हणून गळतीचा एक रस्ता कमी. बऱ्याच मिररलेस बॉडींना अंगचा फ्लॅशच नसतो, त्यांना हाउसिंगमध्ये वेगळा ट्रिगर लागतो. खरेदीच्या वेळी हे विचारायला लोक विसरतात.

स्ट्रोब कसा लावायचा हे जरा सविस्तर. तो कॅमेऱ्याच्या बाजूला, हँडलच्या बाहेर आणि पोर्टच्या किंचित मागे न्यायचा. तोंड सरळ माशाकडे न करता थोडं बाहेर वळवायचं. स्ट्रोबचा उजेड शंकूसारखा पसरतो. मधला भाग प्रखर, कडा मऊ. आपल्याला माशावर ती मऊ कड पाडायची असते. असं केलं की लेन्स आणि मासा यांच्यामधल्या पाण्यावर उजेड जवळजवळ पडत नाही, त्यातले कण अंधारात राहतात आणि उजळतो तो फक्त मासा. दोन स्ट्रोब असतील तर दोन्ही बाजूंना असेच. एकच असेल तर डावीकडे वर ठेवून सुरुवात करा. हे सगळं घरात, खोली अंधारी करून, टेबलावर एखादं खेळणं ठेवून शिकता येतं. पाण्यातला प्रत्येक मिनिट महाग असतो.

आणि हो, स्ट्रोबला मर्यादा असतात. दीड मीटरपलीकडे कुठलाही स्ट्रोब रंग आणू शकत नाही. लांबच्या बुडालेल्या जहाजावर फ्लॅश मारणं म्हणजे बॅटरी जाळणं.

बहुतेक स्ट्रोबना चार एए सेल लागतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा, साधे अल्कलाइन लवकर दमतात. एक संच स्ट्रोबमध्ये, एक चार्ज करून पिशवीत.

व्हिडिओ करायचा असेल तर स्ट्रोबऐवजी व्हिडिओ लाइट. मॅक्रोला हजार-दीड हजार ल्युमेन पुरतात. भर दुपारी उथळ पाण्यात रुंद दृश्य उजळायला निघालात तर मात्र पाच हजार ल्युमेनही सूर्यापुढे दिसत नाहीत, तिथे व्हाइट बॅलन्स खोलीवर पोचल्यावर नव्याने मारणं हाच मार्ग. मोठ्या उजेडाने माशांना त्रासही होतो. समुद्रघोड्यासारख्या जीवावर मिनिटभर दिवा रोखून धरू नका.

सुरुवातीची सेटिंग विचारलीत तर : मॅन्युअल मोड, एफ८, १/१२५, आयएसओ २००. मागचं पाणी काळपट आलं तर शटर हळू करा, फिकट आलं तर वेगात, मात्र कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या) पुढे न जाता. माशावरचा उजेड स्ट्रोबच्या ताकदीने सांभाळा. टीजीला पूर्ण मॅन्युअल मोड नाही. त्यात ॲपर्चर मोड किंवा पाण्याखालचा तयार मोड घ्यायचा आणि एक्स्पोजर कमी-जास्त करायचं.

ओ-रिंग

सगळं हाउसिंग एका रबरी कड्यावर उभं असतं. कुकरच्या रिंगमध्ये शिताचं एक कण अडकलं तरी वाफ निसटते. इथे आत यायला समुद्र टपलेला असतो.

तपासायची पद्धत अशी. हात धुवा, पुसा. टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. धुतलेला मलमलीचा किंवा चष्मा पुसायचा कपडा घ्या. ओ-रिंग बोटांनी दाबून वर उचला किंवा प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याने काढा. पिन, चाकू, टोकदार काहीही नाही. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून खाच बघा. समोरून पाडलेल्या उजेडात केस दिसत नाही, तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. मग रिंग दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू फिरवा. चिरा, वाळूचा कण बोटाला लगेच लागतो. डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं, कंपनीने सांगितलेलंच. रिंग चमकली पाहिजे, माखली नाही पाहिजे. ग्रीसचं काम रिंग सरकती ठेवणं आहे, गळती बुजवणं नाही. जास्त ग्रीस वाळू आणि केस ओढून घेतं.

पैसे असतील तर व्हॅक्यूम पंप घ्या. हाउसिंग बंद करून आतली हवा थोडी ओढायची, आणि अर्ध्या तासात आतला दाब टिकतो का बघायचं. दाब टिकल्याचा हिरवा दिवा राहिला तर निर्धास्त उतरा. मिररलेसच्या हाउसिंगला तर मी याला ऐच्छिक म्हणणारच नाही.

सेकंडहँड हाउसिंग घेताना हेच सगळं बघा : खाचेला ओरखडा, बटणांच्या कडेला पांढरं मीठ, स्प्रिंग गंजलेल्या. ओ-रिंगचा नवा संच मिळतो का हे विकणाऱ्याला विचारू नका, कंपनीच्या यादीत स्वतः शोधा. नाशकात एम. जी. रोडला बॉडी, कार्ड, सेल मिळतील. हाउसिंग आणि त्याचे सुटे भाग बाहेरून मागवावेच लागतात, तेव्हा दोन महिने आधीची तयारी धरा.

नाशकातली रंगीत तालीम

नवं हाउसिंग घरी आलं की पहिल्यांदा ते रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून, पाण्याने भरलेल्या बादलीत तळाशी दाबून ठेवा. अर्ध्या तासाने टिश्यू कोरडा असेल तर पुढची पायरी. बादलीत दाब नसतो, त्यामुळे ही अर्धीच परीक्षा. गंमत म्हणजे उथळ पाण्यातच गळती जास्त होते. खोल गेल्यावर दाब रिंगला घट्ट बसवतो.

दुसरी पायरी तरण तलाव. त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावासारख्या सार्वजनिक ठिकाणी कॅमेरा नेण्याआधी व्यवस्थापकांची परवानगी घ्या, आणि गर्दीच्या किंवा महिला-मुलांच्या वेळेला मुळीच काढू नका. तुम्ही गोगलगायीची तालीम करताय हे बाकीच्यांना कसं कळणार? सोसायटीच्या तलावात दुपारी कुणी नसताना काम सोपं. तळाशी एक रंगीत खेळणं ठेवा, ५० सेंटीमीटर, १ मीटर, २ मीटरवरून तेच घ्या आणि घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघा. अंतराबद्दल मी वर जे लिहिलं ते एका नजरेत पटेल. कॅमेरा सोडून बघा : बुडतो की वर येतो? फार जड असेल तर दांडीला फ्लोट लावा, मनगट दुखतं. जानेवारीतल्या गार पाण्यात काच आतून धुरकटते का हेही कळतं. धुरकटली तर सिलिका जेलची पुडी कमी पडतेय.

गंगापूर धरणात किंवा गोदावरीत सराव करायचा विचार सोडा. पाणी गढूळ, तळ अनोळखी, आणि धरणात बुडण्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतोच.

प्रवास आणि डुबकीचा दिवस

लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. केबिनची मर्यादा देशात बहुतेक ७ किलो, आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग एकटंच त्यातले बरेच खातं. विमानात हाउसिंग घट्ट बंद करून नेऊ नका. मुख्य ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवा, नाहीतर उतरल्यावर दाबाच्या फरकाने झाकण उघडता उघडत नाही. परतीचं विमान शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तासांनी धरा, हे सामानासाठी नव्हे, तुमच्यासाठी.

हाउसिंग बंद करायचं ते सकाळी, एसी खोलीतल्या कोरड्या हवेत. किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यात बंद केलंत तर ती दमट हवा आत कोंडली जाते आणि गार पाण्यात काचेवर दव धरते. होडीत एकदा बंद केलेलं पुन्हा उघडायचं नाही. कार्ड मोठं घ्या, बॅटरी पूर्ण भरा, म्हणजे तशी वेळच येणार नाही. कॅमेरा घेऊन होडीतून उडी मारू नका. आधी पाण्यात उतरा आणि मग "दादा, कॅमेरा द्या" म्हणून वरून मागून घ्या. पाण्यात शिरल्या शिरल्या अर्धा मीटर खोलीवर थांबून हाउसिंग हलवून बघा. बुडबुड्यांची सरळ रांग सतत निघत असेल तर तसंच वर.

खाली असताना आत पाणी दिसलं तर पोर्ट खाली करा, म्हणजे पाणी बॉडीऐवजी पुढे साठेल, आणि नेहमीच्या वेगाने वर या. कॅमेरा गेला म्हणून घाईने वर पळणाऱ्याची फुप्फुसं धोक्यात येतात. वर आल्यावर कॅमेरा चालू करून बघायचा मोह टाळा. बॅटरी काढा, कार्ड काढा, बस.

परत आल्यावर

डुबकी संपली की हाउसिंग बंदच ठेवून गोड्या पाण्याच्या टबात तासभर भिजवा आणि प्रत्येक बटण दहा-वीस वेळा दाबा. बटणाच्या दांडीमागे अडकलेलं खारं पाणी वाळलं की मिठाचे खडे होतात आणि पुढच्या हंगामात तेच रिंग कापतात. नुसतं नळाखाली धरल्याने ते निघत नाही. टबात बाकीच्यांचे कॅमेरे एकमेकांवर आपटत असतील तर आपला बाहेर काढा. डोमला ओरखडा पडायला दुसऱ्याच्या स्ट्रोबचा एक कोपरा पुरतो. सावलीत वाळवा. उन्हात नाही.

घरी आल्यावर, विशेषतः जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आत, सगळे सेल काढून ठेवा, मुख्य ओ-रिंग काढून स्वच्छ करून पिशवीत, हाउसिंगचं झाकण सैल टेकवलेलं. घट्ट बंद करून ठेवलं तर रिंग चार महिने दाबून चपटी होते. लेन्स आणि बॉडी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात; बुरशी नाशकातही धरते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्या, तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. दसऱ्याच्या सुमारास सगळं बाहेर काढून बादलीची चाचणी पुन्हा करायची. ओ-रिंग वर्षाला एक नवी घालायची, जुनी चांगली दिसत असली तरी. ती सुट्या पिशवीत राहू द्या, प्रवासात उपयोगी पडते.